शिव्यांची बिदागी

२ एप्रिल २०२५, ब्राउनश्वाइग, जर्मनी

नंदिनीचा फोन आला. ही इथल्या मराठी मंडळाची कार्यवाह, दिवसभर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आणि उरलेला वेळ मंडळात. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात झाशीच्या राणीवर अर्ध्या तासाचा प्रवेश बसवतायत. "काका, स्वरूपा म्हणाली तुम्ही पूर्वी ह्यू रोजचं काम करायचात. इथे कराल का?"

कराल का! पंचवीसेक वर्षं केलं. वीज मंडळाच्या नाट्यसंघातर्फे, सांगलीपासून पार जतपर्यंत. जत्रेत केलं, शाळांच्या पटांगणात केलं, एकदा ट्रकच्या हौद्यात केलं. जिल्ह्यात सर ह्यू रोज म्हटलं की लोक वासुअण्णा म्हणायचे.

थोडे आढेवेढे घेतले. गुडघे दुखतात, साखर आहे, वय त्र्याहत्तर, वगैरे. मग हो म्हटलं. बायको, प्रभा, असती तर म्हणाली असती, तोंडाने नाही-नाही आणि पाय तालमीच्या दारात. स्वरूपाने, माझ्या लेकीने, मात्र फोन संपायच्या आत सगळ्यांना मेसेज टाकून दिला.

३ एप्रिल

हे काम माझ्याकडे आलं ते डोळ्यांमुळे. घारे डोळे, गोरी कातडी, लांब नाक. आमच्या बिलिंग सेक्शनच्या विष्णूने नाटक लिहिलं आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "अण्णा, तू आमचा इंग्रज." अभिनय येतो का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. अभिनय नंतर येत गेला — आपोआप.

आणि इथे? सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. बाईने एकदा वर बघितलं, म्हणाली, "इंडिया?" अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं मी! सांगलीत फॉरेनर आणि फॉरेनात सांगलीकर. घरी येऊन आरशात नीट बघितलं. बाई बरोबर होती.

४ एप्रिल

नात ओवी चौदाची झाली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये सांगायचं, मग स्वरूपाने अर्थ लावून द्यायचा. जेवणाच्या टेबलावर कोर्ट भरल्यासारखं वाटतं.

तिने मला बघितलंय कुठे? फोनच्या पडद्यावर, बनियनमध्ये, "ऐकू येतंय का?" असं ओरडताना. नाहीतर इथे, गोळ्यांची डबी शोधताना. प्रभा गेल्यावर तर मी म्हणजे नुसतं काळजी करण्याचं एक प्रकरण होऊन बसलोय. तिने एकदा मला रंगमंचावर बघावं. बाकी मला या कार्यक्रमाकडून काही नको. पुन्हा हे काम होणार नाही, तेव्हा आत्ताच बघितलं तर बघितलं.

५ एप्रिल

विचारलं तिला. मोठ्या हौशीने सांगितलं — मी जनरल होणार, लाल कोट, तलवार! तिने एवढंच विचारलं, "वी फीले?" म्हणजे किती. किती काय? किती माणसं मारली त्याने.

पुष्कळ, म्हटलं. पुष्कळ म्हणजे किती, म्हणाली.

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं काम केलं, कुणी विचारलं नाही.

मग म्हणाली ती येणार नाही. स्वरूपाने सांगितलं, मार्चमध्ये त्यांच्या वर्गाला जवळच्या एका जुन्या छळछावणीचं स्मारक बघायला नेलं होतं. तिथून आल्यापासून पोरगी अशा विषयावर थट्टा खपवून घेत नाही. "खुन्याचं सोंग काढायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या — तिला ते नाही पटत बाबा."

टाळ्या? मी म्हटलं, अगं टाळ्या कोण वाजवतंय! टाळ्या राणीला. मला शिव्या. काम जेवढं चांगलं तेवढ्या शिव्या जास्त. डफळापूरजवळ एका गावात प्रयोगानंतर मी पाणी मागितलं तर एक म्हातारी घागर उचलून आत घेऊन गेली. म्हणाली, ह्याला पाणी दिऊ नगा. मी मिशी काढून दाखवली तरी नाही! विष्णू हसून म्हणाला, अण्णा, बिदागी मिळाली. परतताना जीपमध्ये मी किती खूष होतो. घरी आल्यावर प्रभाने शेजारणींना चार दिवस सांगितलं.

ओवीने सगळं ऐकून घेतलं. मग कानात ती पांढरी बोंडं घालून खोलीत गेली. इथे नाटकात कुणी ओरडत नाही म्हणे. गप्प बसून बघायचं असतं.

मला राग आला. आला म्हणजे आला.

६ एप्रिल, रामनवमी

काल रागारागाने स्वरूपाच्या टॅबवर त्या रोजचं चरित्र शोधायला बसलो. म्हटलं बघू तरी किती. आणि बघतो तर काय — गडी जन्मला बर्लिनला! इथून रेल्वेने दीड तासावर. आणि तारीख सहा एप्रिल, १८०१. म्हणजे आज!

म्हटलं चला. रुपेश म्हणाला, "बाबा, जयंती करायची का त्याची?" जावई कमी बोलतो, पण बोलला की नेमका. शेवटी मी, स्वरूपा आणि ओवी गेलो. ओवी आली ती रविवारच्या जुन्या बाजारात फिरायला.

ह्यू रोजचा बाप इंग्रजांच्या वकिलातीत होता. मुलगा इथेच वाढला, शिकला, सैनिकी शिक्षणाचे पहिले धडेही इथेच. जर्मन नक्कीच येत असणार. कुठल्या घरात जन्मला ते मला कुठे सापडलं नाही. पाटी वगैरे तर नाहीच. मग एका सरकारी इमारतींच्या रस्त्यावर उगीच उभे राहिलो. सायकली जात होत्या. मी म्हटलं, इथेच कुठेतरी गोट्या खेळला असेल.

ओवी काहीतरी बोलली आणि पुढे चालू लागली. स्वरूपाला विचारलं तर म्हणाली, "ओवी म्हणते, म्हणजे तो माझ्यासारखाच होता. आईबाप बाहेरचे, जन्म इथला."

गाडीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. मीही दुसऱ्या खिडकीकडे बघितलं. रामाला नैवेद्य मात्र राहिला, घरी आल्यावर साखर ठेवली.

९ एप्रिल

वाचतोय. ओवीला ईस्टरची सुट्टी, पण ती मैत्रिणींकडे. घर रिकामं, चष्मा पुसायचा आणि वाचायचं.

आमच्या नाटकातला रोज असा — चाबूक आपटत यायचा, पोट धरून हसायचा, मिशी पिळायची, "टुम लोग सब मरेगा!" मिशी विष्णूची कल्पना. हसणं माझं.

खरा तसा दिसत नाही. बारीक अंगाचा, नीटनेटका. लग्न नाही. आधी बैरुतला, मग तुर्कांच्या राजधानीत वकिलातीत काम केलेला माणूस, बोलण्यात मुरलेला. सत्तावन्न सालचं बंड मोडायला मध्य हिंदुस्थानात पाठवला तेव्हा लोक म्हणाले, हा काय लढणार. मग सागर, झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. उन्हाने बेजार. एका लढाईत ऊन लागून घोड्यावरून पुन्हा पुन्हा खाली आला, डोक्यावर पाणी ओतायचं, परत चढवायचं.

आणि झाशी पडल्यावर शहरात कत्तल. पुरुष दिसला की मारायचा. विहिरीत उड्या टाकलेल्या बायका, जळालेली घरं. माणसं हजारोंनी गेली, नेमका आकडा कुणाकडेच नाही. ओवीला काय सांगू? तिला आकडा पाहिजे आणि मोजायला कुणी उरलं नव्हतं.

मी तारखा जुळवून बघितल्या. गावात लूट चालू होती तेव्हा हा सत्तावन्न वर्षांचा झाला. कुणीतरी शुभेच्छा दिल्याच असतील.

१० एप्रिल

पुढचं. सेनापती झाला. नंतर आयर्लंडात लोक उठायला लागले तर तिथेही हाच नेमला. लॉर्ड झाला. फील्ड मार्शल झाला. पॅरिसला म्हातारा होऊन मेला, अंथरुणावर. राणी मेली तेव्हा याने लिहिलं की बंडवाल्यांत सगळ्यांत शूर तीच होती. तिचं कौतुक खरं, तिच्या गावाचं केलं तेही खरं. एकाच हाताने दोन्ही.

या माणसाला मी पंचवीस वर्षं स्टेजवर हसत ठेवलं!

१२ एप्रिल

पहिली तालीम. मंडळाने भाड्याने घेतलेली चर्चच्या मागची खोली. राणी म्हणजे ऋचा, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते, आवाज खणखणीत. नंदिनीने स्क्रिप्ट छापून आणलेलं. माझ्या वाक्यांत सगळीकडे "टुम", "हम", "काला आडमी". म्हणाली, काका, तुमचा तो ॲक्सेंट ठेवा हं, मुलं खूप हसतात.

मी म्हटलं, मला ते तसं नाही करायचं. वेगळं करतो.

कसं?

उगाच चिडलो. म्हटलं, तो हसणारा नव्हताच मुळी! नंदिनीने घड्याळ बघितलं. गेनाऊ, गेनाऊ, म्हणाली. बरोबर-बरोबर, असं. हे इथलं 'बरं बरं, पुढे चला' आहे हे मला आता कळायला लागलंय.

१५ एप्रिल

प्रवेश पुन्हा लिहिला. रोज खुर्चीत बसलेला. डोक्यावर ओला रुमाल. अधिकारी येऊन विचारतो, शहरातल्या लोकांचं काय करायचं? हा कागदावरून मान वर करत नाही. साध्या आवाजात — "कुणालाही सोडू नका." मग, "चहा निवला. दुसरा आणा."

बस्स. शुद्ध मराठीत. हसणं नाही, चाबूक नाही. चहाचं माझ्या पदरचं आहे. पण हुकूम असाच दिला जात असणार. आमचे सुपरिंटेंडिंग इंजिनियर गावाची लाईन तोडायला सांगायचे तेव्हा असेच फायलीत बघत सांगायचे.

स्वरूपाला वाचून दाखवला. ती म्हणाली, बाबा, हे भीती वाटण्यासारखं आहे. मला बरं वाटलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सगळं बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. गुडघ्याला तेल चोळलं.

१९ एप्रिल

घरात मोठ्याने बोललं की खालचे आजोबा ऐकतात म्हणून तळघरात जाऊन पाठ करतो. सायकली, रिकाम्या बाटल्या, आणि मी. "कुणालाही सोडू नका." पंधरा प्रकारे म्हणून बघितलं. जितकं हळू तितकं वाईट वाटतं. शेवटी तर माझं मलाच नको झालं.

मागे वळलो तर जिन्यात ओवी उभी. सायकल न्यायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. सायकल न घेताच वर गेली.

२६ एप्रिल

तालीम. नवीन प्रवेश केला. ऋचा आपलं वाक्य विसरली, मग म्हणाली, सॉरी काका, मी ऐकत राहिले. नंदिनी मात्र साशंक. लहान मुलं कंटाळतील, म्हणाली, आल्झो, म्हणजे तसं म्हटलं तर... बघू. शेवटी ठेवू म्हणाली, कारण राणीच्या तलवारबाजीला वेळ वाढवून मिळाला.

३० एप्रिल

ओवीला पुन्हा विचारलं. या वेळी विनंती केली, हट्ट नाही. म्हटलं, मी आता तो हसणारा जनरल करत नाही. तू म्हणालीस त्यावर विचार केला मी. वाचलं. आकडा सापडला नाही, पण वाचलं.

तिने नकारार्थी मान हलवली. "नाइन, आजोबा." शनिवारी, कार्यक्रमाच्याच वेळी, तिची हँडबॉलची मॅच आहे. आवाज वर चढला नाही तिचा. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

रुपेश म्हणाला, बाबा, मी व्हिडिओ काढतो, ती नंतर बघेल. व्हिडिओत नाटक बघणं म्हणजे फोटोत जेवणं. पण त्याला म्हटलं, काढ.

३ मे

झाला प्रयोग.

हॉल भरला होता. वोल्फ्सबुर्गपासून लोक आले होते, दोन-तीन कुटुंबं हॅनोव्हरहून. बाहेर साबुदाणावडे, आत लावणी, मग आम्ही. मेकअपला कुणी नाही, मीच केला. गालाला लाली लावली, पुसली, पुन्हा लावली. पुढच्या रांगेत स्वरूपा आणि रुपेश. मधली खुर्ची रिकामी, तिच्यावर पर्स. मॅच तीनला सुरू झाली असणार.

आत गेलो. खुर्चीत बसलो. ओला रुमाल डोक्यावर. कागद. सगळं अगदी जसं ठरवलं तसं जमलं, इतकं क्वचित जमतं. अधिकारी झालेला पोरगा येऊन विचारतो, शहरातल्या लोकांचं काय? मान वर न करता म्हटलं, कुणालाही सोडू नका. हॉल गार. मनात म्हटलं, अण्णा, साधलं.

मग, "चहा निवला. दुसरा आणा."

आणि लोक हसले!

एक-दोघं नाही, सगळा हॉल. चांगला खळखळून. मागून टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी कागदाकडे बघत बसलो. पुढचं वाक्य म्हटलं, कसं कोण जाणे. कत्तलीच्या हुकमावर हशा! सांगली जिल्ह्यात अडाणी म्हाताऱ्या पाणी द्यायच्या नाहीत आणि इथे इंजिनियर टाळ्या वाजवतात.

पडदा पडल्यावर तर कहर. पोरं फोटोला. "जनरल अंकल, इकडे बघा!" एकाला माझी टोपी घालायची होती, एकीला तलवार हातात पाहिजे. आईबाप फोन धरून उभे. राणीपेक्षा माझ्याभोवती गर्दी जास्त. नंदिनी म्हणाली, काका, चहाचा पंच काय क्लास होता, दिवाळीला परत करू या. मी हसलो. काय करणार? तिची काही चूक नाही. लोक दमून येतात, हसायला येतात. चूक माझी — हसणारा जनरल काढून मी हसवणारा जनरल आणला.

घरी आलो तेव्हा ओवी आपल्या खोलीत. दार बंद. मॅचचं काय झालं विचारायला गेलो नाही. स्वरूपाने पिठलं केलं होतं, दोन घास खाल्ले. आली नाही ते बरंच झालं, असं आता वाटतंय. तिने पाहिलं असतं तर तिचंच खरं ठरलं असतं. हे काम आता बंद.

४ मे

ओवी काल आली होती. मॅच अर्ध्यात सोडून, खेळाच्याच कपड्यांत, हॉलच्या दाराशी उभी राहून तिने पाहिलं. चहाच्या वाक्याला लोक हसले तशी निघून गेली. स्वरूपालासुद्धा माहीत नव्हतं, आज सकाळी ओवीनेच तिला सांगितलं.

सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "आजोबा, मला तुमचा खूप राग आला. अजून आहे."

त्यानंतर दिवसभर बोललेली नाही. दुपारी मी टेबलाशी बसलो तर आपलं ताट उचलून आत गेली. स्वरूपा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मला डफळापूरजवळची ती घागर आठवली. मी दोनदा भात मागून घेतला.